सगळे टप्पे नीट पेटले, तरी उपग्रह गेले: एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणाचं प्रकरण

इस्रोच्या लहान उपग्रह प्रक्षेपकाचं, म्हणजे एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण 7 ऑगस्ट 2022 रोजी झालं. त्या दिवशी काय घडलं, त्यामागे कोणते निर्णय होते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या उड्डाणापर्यंत काय बदललं, याचा हा आढावा आहे. संस्थेचं आणि यानाचं नाव घेतलं आहे, कारण माहिती जाहीर आहे. माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. अपयशाच्या प्रकरणात नावं आली की वाचणारा दोषी शोधायला लागतो आणि निर्णयांकडे बघायचं राहून जातं.

पार्श्वभूमी

लहान उपग्रह बनवणं गेल्या वीसेक वर्षांत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमण्याइतकं आवाक्यात आलं. तो वर पोचवणं मात्र तितकं आवाक्यात आलं नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयं' जेमतेम एक किलोचा होता, आयआयटी मुंबईचा 'प्रथम' दहा किलोच्या आसपासचा. दोन्ही 2016 साली इस्रोच्या पीएसएलव्ही या मोठ्या यानावरून गेले, 'स्वयं' जूनमध्ये आणि 'प्रथम' सप्टेंबरमध्ये. अशा प्रवासात लहान उपग्रह हा मोठ्या उपग्रहाचा सोबती असतो. तारीख मोठ्याच्या तयारीवर ठरते, कक्षाही बहुतेक वेळा त्याच्याच सोयीची. मोठ्याचं काम रखडलं की लहानाला थांबावंच लागतं. बनवणारे विद्यार्थी तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात.

पीएसएलव्ही हे भरवशाचं यान, पण ते 44 मीटर उंच आणि तीनशे टनांच्या वरचं. त्याची जुळणी कित्येक आठवडे चालते. शंभर-दोनशे किलोच्या एकट्या उपग्रहासाठी ते उभं करणं परवडत नाही. म्हणून इस्रोने वेगळं यान आखलं: 34 मीटर उंच, 2 मीटर व्यासाचं, उड्डाणाच्या वेळी सुमारे 120 टन वजनाचं. 500 किलोमीटर उंचीच्या कक्षेत 500 किलो नेण्याची त्याची क्षमता. थोड्या माणसांनी, थोड्या दिवसांत जुळवता यावं आणि ग्राहकाने मागितलं की उडवता यावं, ही मुख्य अट. तीन विकास-उड्डाणांसह या प्रकल्पाला सरकारने 169 कोटी रुपये मंजूर केले होते.

उड्डाणापूर्वीचे निर्णय

यानाचे मुख्य तीनही टप्पे घन इंधनाचे ठेवले. पहिल्यात 87 टन इंधन, दुसऱ्यात 7.7 टन, तिसऱ्यात 4.5 टन. जुळणी झटपट व्हायची तर हा निर्णय बरोबर होता. घन इंधन आधीच भरून ठेवता येतं, ऐन वेळी टाक्या भरायची कटकट नाही, अतिथंड इंधन सांभाळायचं नाही. पण दिवाळीतला बाण एकदा पेटला की विझवता येत नाही, तसंच इथे आहे. हवा तेवढा वेग मिळाला म्हणून टप्पा मध्येच बंद करता येत नाही. शिवाय घन इंधन किती वेगाने जळेल हे त्याच्या तापमानावरही अवलंबून असतं, त्यामुळे शेवटी मिळणाऱ्या वेगात थोडा कमी-जास्तपणा राहतोच.

तो कमी-जास्तपणा भरून काढायला तिसऱ्या टप्प्याच्या वर एक छोटा द्रव इंधनाचा भाग बसवला. हा वेग-दुरुस्तीचा भाग. त्यात इंधन फक्त 50 किलोच्या घरात आणि बारीक थ्रस्टर, म्हणजे यानाला हलकेच ढकलणारी छोटी इंजिनं. वजनाने नगण्य, पण उपग्रह नेमक्या कक्षेत बसणार की नाही हे यावर ठरतं. आणि या भागाने किती वेळ पेटायचं हे ठरवायचं तर यानाला आपला वेग अचूक माहीत असायला हवा.

वेग कळतो त्वरणमापींवरून. यानाच्या उपकरण-कक्षात ते बसवलेले असतात. ते क्षणाक्षणाचं त्वरण मोजतात, संगणक त्याची बेरीज करत वेग काढतो आणि वेगावरून स्थान. एखादा त्वरणमापी बिघडला तर सगळी बेरीज नासते. म्हणून एकापेक्षा जास्त त्वरणमापी ठेवले जातात आणि सॉफ्टवेअरमध्ये एक नियम असतो: ज्याचं माप विश्वास ठेवण्याजोगं नाही तो बाजूला काढायचा आणि उरलेल्यांवर चालायचं. सगळेच बाजूला काढावे लागले तर? त्या प्रसंगासाठी बचाव-पद्धत आखलेली होती. उपग्रह ठरलेल्या कक्षेत नाही, तरी निदान टिकाऊ कक्षेत जावा, एवढाच तिचा हेतू.

कागदावर हे सगळं चोख आहे. एक बिघडला तर दुसरा, सगळे बिघडले तर बचाव. मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते ती या मांडणीमागची न बोललेली समजूत: त्वरणमापी बिघडलेच तर एकेकटे, आपापल्या कारणाने बिघडतील.

आणखी एक निर्णय नोंदवायला हवा. पहिल्याच उड्डाणात खरे उपग्रह ठेवले. एक इस्रोचा 135 किलोचा ईओएस-02, आणि दुसरा 8 किलोचा आझादीसॅट. ग्रामीण भागातल्या 75 शाळांमधल्या 750 मुलींनी बनवलेली छोटी उपकरणं त्यात होती. नव्या यानावर काय ठेवायचं याबाबत जगात दोन्ही रीती दिसतात. न्यूझीलंडहून उडणाऱ्या इलेक्ट्रॉन या लहान रॉकेटच्या 2017 मधल्या पहिल्या उड्डाणात ग्राहकाचा एकही उपग्रह नव्हता. उलट युरोपच्या एरियन-5 ने 1996 साली पहिल्याच उड्डाणात क्लस्टर मोहिमेचे चार शास्त्रीय उपग्रह गमावले.

7 ऑगस्टची सकाळ

सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी श्रीहरिकोट्याच्या पहिल्या प्रक्षेपण तळावरून यान उडालं. आझादीसॅटसाठी काम केलेल्या मुलींपैकी काही जणी ते बघायला तिथे हजर होत्या. पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे जळला आणि गळून पडला. दुसराही. तिसराही. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर अपेक्षित मार्गाची रेषा आणि यानाची प्रत्यक्ष वाटचाल सोबत दिसत होती, आणि घन इंधनाच्या तीनही टप्प्यांबद्दल तक्रारीला जागा नव्हती.

यानंतर वेग-दुरुस्तीचा भाग सुमारे 20 सेकंद पेटायचा होता. त्या वेळच्या बातम्यांनुसार तो 0.1 सेकंदच पेटला. उपग्रह सुटले. मग माहिती येण्यात खंड पडला. इस्रोच्या प्रमुखांनी नियंत्रण कक्षातूनच सांगितलं की तीनही टप्पे अपेक्षेप्रमाणे चालले, शेवटच्या टप्प्यात काही माहिती मिळत नाही आहे, आणि स्थिर कक्षा मिळाली की नाही हे विश्लेषणानंतर सांगू.

इथे एक निर्णय झाला आणि तो चांगला होता. यशाची घोषणा करून मोकळं होण्याची घाई कुणी केली नाही. त्याच दिवशी दुपारी इस्रोने स्पष्ट सांगितलं की 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह 356 गुणिले 76 किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत गेले आणि आता ते वापरता येणार नाहीत.

76 हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. कक्षेचा सर्वात जवळचा बिंदू 76 किलोमीटरवर, म्हणजे वातावरणात. तिथली हवा विमानासाठी काहीच नाही, पण सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूला अडवायला ती पुरते. उपग्रह सुटले तेव्हा कक्षेच्या वरच्या टोकाला होते. तिथून खाली येईपर्यंतच त्यांचं आयुष्य होतं. पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरीही त्यांना मिळणं शक्य नव्हतं. आणि हे सगळं कशाने? हव्या असलेल्या वेगात एक टक्क्याच्या आसपास तूट पडली म्हणून. कक्षेच्या बाबतीत नव्व्याण्णव टक्के गुणांना उत्तीर्ण म्हणत नाहीत.

नेमकं काय बिघडलं

पहिल्या दिवशीच्या निवेदनात कारण असं होतं: संवेदक (मोजमाप करणारं उपकरण) बिघडल्याचं ओळखून बचावाचं पाऊल उचलणारा तर्क चुकला. हे वाक्य पुढच्या निष्कर्षाच्या जवळ जाणारं आहे, पण पूर्ण नाही. पुढे उड्डाणाची सगळी माहिती तपासल्यावर घटनाक्रम लागला तो असा.

दुसरा टप्पा जळून संपल्यावर तो वेगळा करायचा असतो. डी1 मध्ये, म्हणजे या पहिल्या उड्डाणात, त्यासाठी वर्तुळाकार फुगणाऱ्या बेलोची (भात्यासारख्या भागाची) रचना होती. स्फोटकाच्या वायूने बेलो फुगतो आणि पूर्ण परिघावरचा सांधा एका झटक्यात तुटतो. त्या झटक्याचं कंपन वर उपकरण-कक्षाच्या पाटापर्यंत पोचलं. तिथे त्वरणमापी बसवलेले. काही क्षणांपुरती त्यांची मापं भलतीकडे गेली. सॉफ्टवेअरने आपला नियम लावला आणि सगळे त्वरणमापी बिघडलेले ठरवून टाकले.

ते बिघडलेले नव्हते. ते हादरले होते, कारण ज्या पाटावर ते होते तो खरोखर हादरला होता. क्षणभरात ते पुन्हा नीट मोजू लागले असते, पण तोवर त्यांचं म्हणणं ऐकायचं नाही असं ठरून गेलं होतं. यान बचाव-पद्धतीत गेलं. तिसरा टप्पा त्यानंतरही व्यवस्थित जळला, मात्र आता मार्गदर्शन मोकळ्या स्वरूपाचं होतं. मोजून, ताडून, दुरुस्त करत जाणं संपलं आणि आधी ठरवलेल्या आराखड्याप्रमाणे पुढे जाणं सुरू झालं. वेगाची तूट भरून काढायला जो भाग बसवला होता त्याचा उपयोगच झाला नाही.

सॉफ्टवेअरने इतकी घाई का केली, असं सहज वाटतं. पण या घाईला कारण आहे. समजा एखादा त्वरणमापी गुरुत्वत्वरणाच्या दहापट चूक दाखवतोय. अशी चूक एक शतांश सेकंद टिकली तर वेगाच्या हिशेबात साधारण सेकंदाला एक मीटरचा फरक पडतो. तो सोसता येतो, पुढे दुरुस्तही होतो. तीच चूक पूर्ण सेकंदभर टिकली तर फरक सेकंदाला शंभर मीटरच्या जवळ जातो, आणि तेवढ्याने मोहीम बुडते. म्हणजे फार वाट पाहिली तर खोटं माप आत शिरतं, आणि फार लवकर निर्णय घेतला तर चांगला संवेदक बाहेर जातो. किती वेळ थांबायचं हा आकडा कुणीतरी बसून ठरवावा लागतो. तो ठरवताना कंपन किती आणि किती वेळ टिकेल याचा जो अंदाज हाताशी होता, त्याच्या पलीकडचं काहीतरी त्या सकाळी घडलं.

पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाणही अयशस्वी झालं होतं, 20 सप्टेंबर 1993 रोजी. तिथेही दुसरा टप्पा सुटतानाच मोठी खळबळ झाली आणि ती सावरण्याच्या वेळी सॉफ्टवेअरमधली चूक आडवी आली. दोन्ही प्रकरणांचा तपशील वेगळा आहे, यान वेगळं आहे, मधे 29 वर्षं गेली आहेत. तरी टप्पा सुटण्याचा क्षण आणि सॉफ्टवेअरचा निर्णय यांचा सांधा दोन्हीकडे कच्चा निघाला. एरियन-5 च्या 1996 मधल्या अपघातातही एकसारख्या दोन दिक्चालन यंत्रणा एकाच कारणाने पाठोपाठ बंद पडल्या होत्या. दोन यंत्रणा ठेवल्याचा तिथे काडीचाही उपयोग झाला नाही.

समोर असलेले पर्याय

नंतर जाहीर झालेल्या दुरुस्त्या पाहिल्या की तज्ज्ञांपुढे कोणते मार्ग होते ते उलगडतं.

सर्वात स्वस्त आणि झटपट मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरमधला आकडा बदलणं. संवेदकाला बाद करण्याआधी जास्त वेळ थांबायचं. यानाला हात लावायचा नाही, नव्या चाचण्या कमीत कमी, आणि पुढचं उड्डाण काही आठवड्यांत. मोह होण्यासारखाच पर्याय. पण त्याने कंपन तसंच राहतं. पुढच्या वेळी ते आणखी थोडं जास्त वेळ टिकलं तर पुन्हा तीच पाळी.

दुसरा मार्ग मुळावर घाव घालण्याचा: सांधा तोडायची रचनाच बदलायची. यात वेळ जातो. नव्या रचनेचं वजन, ताकद, सुटण्याचा वेळ, सगळं पुन्हा तपासावं लागतं. शिवाय एक दोष काढताना दुसरा घुसण्याची भीती असतेच. मात्र ज्या गोष्टीमुळे सगळं सुरू झालं ती इथे थेट हाताळली जाते.

तिसरा, मधला मार्ग उपकरण-कक्षाची बांधणी अशी बदलण्याचा की धक्का आला तरी पाट कमी थरथरेल.

आणि चौथा म्हणजे बचाव-पद्धत सुधारणं. हिची चर्चा बातम्यांत जवळपास झालीच नाही. मला मात्र ती सर्वात अर्थपूर्ण वाटते. कारण 7 ऑगस्टला दोन गोष्टी चुकल्या होत्या. चांगले संवेदक बाद झाले ही पहिली. बाद झाल्यावर ज्या पद्धतीने मोहीम वाचवायची, ती पद्धत मोहीम वाचवू शकली नाही, ही दुसरी. पहिली चूक झाली नसती तर दुसरी कधी कळलीच नसती. ती पुढच्या एखाद्या उड्डाणात, खरोखरच संवेदक बिघडल्यावर समोर आली असती.

काहीही न बदलता तिसऱ्या-चौथ्या उड्डाणापर्यंत फक्त वजनाचे ठोकळे पाठवायचे, हाही एक मार्ग होता. तीनच विकास-उड्डाणांचा निधी असताना तो महागात पडला असता.

काय केलं

इस्रोने वरच्या चारांपैकी एक निवडला नाही, चारही केले.

दुसऱ्या टप्प्याचा सांधा बदलला. बेलोच्या जागी मर्मन पट्टा आला. यात दोन कड्या एका घट्ट आवळलेल्या पट्ट्याने धरलेल्या असतात आणि वेळ आली की पट्ट्याचे बोल्ट कापले जातात. पट्टा सैल होतो, कड्या सुटतात, आणि धक्का बराच कमी बसतो. महत्त्वाचं म्हणजे ही रचना नवीन नव्हती. याच यानात तिसऱ्या टप्प्यासाठी ती आधीच वापरली होती आणि डी1 मध्ये तिने काम केलं होतं. नवा दोष घुसण्याची जी भीती मी वर म्हटली, तिच्यावर हा चांगला उतारा होता. दुरुस्तीसाठी नवी कल्पना न शोधता, त्याच यानावर नुकतंच उडून पारखलेलं काहीतरी घेतलं. या संपूर्ण प्रकरणातला मला हा सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

उपकरण-कक्षाची बांधणी बदलली. संवेदक बाद करण्याच्या नियमात जास्त वेळ निरीक्षण करण्याची सोय आली. आणि बचाव-पद्धतीत नाविकची माहिती वापरून मार्गदर्शनाची साखळी पूर्ण करण्याची तरतूद झाली. नाविक म्हणजे आपली उपग्रहांवर आधारलेली स्थाननिर्धारण यंत्रणा. तिच्याकडून मिळणारं स्थान आणि वेग त्वरणमापींवर अवलंबून नसतो. पाट कितीही हादरला तरी त्या आकड्यांना त्याचा धक्का लागत नाही. सहा सारखे संवेदक ठेवण्यापेक्षा एक वेगळ्या जातीचा ठेवला तर तो अशा वेळी कामाला येतो, हे तत्त्व इथे प्रत्यक्षात उतरलं.

दुसरं उड्डाण होण्याआधीच या कारणांचा आणि दुरुस्त्यांचा गोषवारा लोकांसमोर ठेवला गेला. मला याचं मोल फार वाटतं. लहान उपग्रहांचे ग्राहक म्हणजे नवउद्योग, विद्यापीठं, परदेशी कंपन्या. त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा उपग्रह बनवणं परवडत नाही. मागच्या वेळी काय चुकलं हे ज्याला कळलं नाही, तो पुन्हा आपली वस्तू हाती देत नाही.

आझादीसॅटच्या चमूनेही आपल्यापुरता निर्णय घेतला आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. नवा उपग्रह बनवला, 8.7 किलोचा आझादीसॅट-2, आणि तो त्याच यानाच्या दुसऱ्या उड्डाणावर ठेवला.

निष्पत्ती

10 फेब्रुवारी 2023 रोजी, पुन्हा सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी, त्याच तळावरून एसएसएलव्ही-डी2 उडालं. सोबत 156.3 किलोचा ईओएस-07, अमेरिकेतल्या अंतारिस कंपनीचा 10.2 किलोचा जानुस-1 आणि आझादीसॅट-2. सुमारे पंधरा मिनिटांत तिन्ही उपग्रह 450 किलोमीटरच्या गोल कक्षेत पोचले. अपयश ते यश हे अंतर सहा महिन्यांचं.

तिसरं विकास-उड्डाण 16 ऑगस्ट 2024 रोजी झालं. 175.5 किलोचा ईओएस-08 आणि चेन्नईच्या नवउद्योगाचा छोटा एसआर-0 हे 475 किलोमीटरवर पोचले आणि इस्रोने यानाचा विकास पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. दरम्यान फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कुलशेखरपट्टिनम इथे लहान यानांसाठी वेगळ्या तळाची पायाभरणी झाली. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला ध्रुवीय कक्षेत जायचं तर श्रीलंका आडवी येते, तिला वळसा घालावा लागतो. पीएसएलव्हीला तो वळसा झेपतो. एसएसएलव्हीची मात्र उचलायची ताकद त्यात बरीच वाया जाते.

2025 मध्ये हे यान बनवण्याचं तंत्रज्ञान घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची निवड झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये करार झाला. हस्तांतरणासाठी 24 महिने, आणि त्या काळात इस्रोच्या मार्गदर्शनाखाली दोन उड्डाणं, अशी योजना आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मागे वळून बघताना सगळंच उघड दिसतं, याची जाणीव ठेवून काही मुद्दे मांडतो.

संवेदक बाद करणाऱ्या नियमात एक साधा प्रश्न हवा होता: सगळेच्या सगळे एकाच क्षणी बिघडण्याची शक्यता किती? एक संवेदक वेडंवाकडं दाखवायला लागला तर त्याच्यावर संशय घ्यावा. सगळे एकदम, आणि तेही टप्पा सुटण्याच्या नेमक्या क्षणी दाखवायला लागले, तर बाहेर काहीतरी घडलं आहे असं मानावं आणि निर्णय थोडा थांबवावा. टप्पा केव्हा सुटणार हे संगणकाला आधीपासून माहीत असतं, कारण तो आदेश त्यानेच दिलेला असतो. त्या छोट्या खिडकीपुरता नियम सैल ठेवणं अवघड नव्हतं. बाद केलेल्या संवेदकाला थोड्या वेळाने पुन्हा तपासून आत घेण्याची वाटही ठेवता आली असती. बाद केलं ते कायमचंच, ही अट कठोर आहे. ती कुठे लागू करायची आणि कुठे नाही, हे प्रत्येक घटनेसाठी वेगळं ठरवायला हवं.

बचाव-पद्धतीची परीक्षा हा दुसरा मुद्दा. तिचा हेतू टिकाऊ कक्षा मिळवण्याचा होता. मग तिसऱ्या टप्प्याची कामगिरी सर्वसाधारण आहे आणि वेग-दुरुस्तीचा भाग उपलब्ध आहे, अशा स्थितीत ती किती उंचीची कक्षा देईल, हे गणित उड्डाणाआधी करून त्यावर 'पुरेसं' किंवा 'अपुरं' असा शिक्का बसायला हवा होता. प्रत्यक्ष उड्डाणात यान ठणठणीत होतं, इंधन होतं, थ्रस्टर होते. बचावासाठी याहून अनुकूल परिस्थिती मिळणं कठीण. त्यातही कक्षेचं खालचं टोक 76 किलोमीटरवर राहिलं. नियम कधी लागू होतो याच्या चाचण्या जितक्या बारकाईने होतात, तितक्याच बारकाईने तो लागू झाल्यावर पुढे काय होतं याच्याही व्हायला हव्यात.

पहिल्या उड्डाणावर मुलींचा उपग्रह ठेवावा का, यावर त्या वेळी बरीच हळहळ व्यक्त झाली. माझं मत ठेवावा असंच आहे. पहिल्या उड्डाणाची जोखीम आधी स्पष्ट सांगितली आणि उपग्रहाच्या दोन प्रती सुरुवातीपासूनच बनवल्या, तर एक गेल्याचं दुःख होतं पण काम थांबत नाही. दुसऱ्या प्रतीचा खर्च पहिलीपेक्षा बराच कमी येतो, कारण आराखडा, चाचण्यांची साधनं आणि शिकलेले हात तयार असतात. शाळा-महाविद्यालयांच्या उपग्रहांना निधी देताना ही दुसरी प्रत अंदाजपत्रकातच धरली जावी.

तारखेच्या दडपणाबद्दलही बोललं गेलं. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं वर्ष, ऑगस्ट महिना, उपग्रहाचं नाव आझादीसॅट. पहिल्या टप्प्याची यशस्वी जमिनीवरची चाचणी 14 मार्च 2022 ला झाली आणि उड्डाण पाच महिन्यांच्या आत झालं. पण जो दोष सापडला तो घाईचा नाही. चार महिने जास्त मिळाले असते तरी नियम तोच राहिला असता, कारण तो लिहिणाऱ्यांना तो बरोबर वाटत होता. तेव्हा घाईकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

आता यान बनवण्याचं काम दुसऱ्या संस्थेकडे जात आहे. सांधे, मोटरी, पाट यांची रेखाचित्रं त्यांना मिळतील. त्यासोबत संवेदक बाद करण्याचा आकडा इतकाच का आहे, तो आधी किती होता आणि कोणत्या सकाळनंतर बदलला, याची नोंदही त्याच कागदांत असायला हवी. पाच-सात वर्षांनी वजन कमी करायचं म्हणून कुणीतरी सांध्याची रचना पुन्हा बदलायला बसेल, किंवा उपकरण-कक्षात नवं उपकरण बसवल्यावर पाटाची कंपनं बदलतील. त्या दिवशी काम करणाऱ्या अभियंत्याने 7 ऑगस्ट 2022 चं उड्डाण पाहिलेलं असेलच असं नाही. सॉफ्टवेअरमधला तो आकडा बदलण्याआधी कंपनाची चाचणी पुन्हा करणं बंधनकारक आहे, ही ओळ हस्तांतरणाच्या कागदपत्रांत स्पष्ट शब्दांत हवी.